खळग्यातली डीपी

लहानूने डीपीच्या खांबाला खिळा ठोकला तो निव्वळ खुणेसाठी. गेल्या श्रावणात भुऱ्या नाल्याला पूर आला, पाणी गावाच्या खळग्यात शिरलं आणि ओसरल्यावर लाकडी खांबावर गाळाची एक रेघ राहिली. पुढच्या सरीत रेघ धुऊन जाईल, आणि मग पाणी एवढं चढलं होतं हे कोणी मानणार नाही, म्हणून त्याने रेघेवर चार बोटांचा खिळा मारला. त्याच्या कमरेच्या वर एक वीत.

पण बेलडोह गावात रिकामा खिळा फार दिवस रिकामा राहत नाही. खळग्याच्या काठावर शालिकरामचे चार पॉवरलूम होते. तो डीपीपाशी आला की कापडी पिशवी त्या खिळ्याला अडकवायचा आणि निवांत विडी ओढायचा. लहानूने दोनदा सांगितलं, ‘‘काका, थो खिळा पाण्याच्या निशाणीचा होय.’’ शालिकराम म्हणाला, ‘‘बरा ठोकला गा. सोय झाली.’’

डीपी म्हणजे फार काही नाही. दोन लाकडी खांब, मध्ये लोखंडी चौकट, तिच्यावर ट्रान्सफॉर्मर, खाली फ्यूजचा डबा आणि लाईन बंद करायचा दांडा. पण शालिकरामचे लूम, पिठाची चक्की, पिण्याच्या पाण्याचा पंप आणि चाळीसेक घरांतले दिवे सगळे तिच्या जिवावर. आणि ही डीपी कोणा शहाण्याने गावातल्या सगळ्यांत खोल जागी उभी केली होती. काळी माती, खणायला सोपी, रस्त्यालगत. खांब उभे करणाऱ्यांनी एका दिवसात काम उरकलं आणि ते कामठीला सिनेमाला गेले, असं लोक सांगत. खरं असेल, खोटं असेल. पण गेल्या वर्षी एकोणीस दिवस गाव अंधारात बसलं, हे खरं होतं.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. दर मे महिन्यात वीज ऑफिसात पावसाळ्याआधीच्या तपासणीचा कागद येई आणि दरवर्षी त्यावर ‘सर्व ठीक’ लिहून तो परत जाई. त्या वर्षी मात्र नागपूरच्या वरच्या ऑफिसने नीट विचारलं होतं : ऊन, वादळ, पूर यांत लाईनची कोणती जागा टिकणार नाही, आणि उपाय काय. मधुकरराव साहेब सेक्शनचे नवे इंजिनिअर. तिशीही ओलांडली नव्हती, पण उन्हाने डोकं दुखतं म्हणून दुपारी ऑफिसातून हलत नसत. त्यांनी कागद लहानूच्या हातात दिला.

‘‘तू रोज लाईन फिरतोस. लिहून आण. पण खरं लिही.’’

लहानू सात वर्षं रोजंदारीवर हेल्पर होता. सातवी शिकलेला. ‘खरं लिही’ असं त्याला ऑफिसात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. घरी येऊन त्याने हे बायकोला दोनदा सांगितलं. प्रेमिला दारात बसून विड्या वळत होती. तेंदूपानाचा तुकडा चिमटीत धरून, तंबाखू पसरून, दोरा गुंडाळून ती म्हणाली, ‘‘मंग लिवा ना. मले काहून सांगता?’’

तीन दिवस तो लाईन चालला. डोक्याला ओलं दुपट्टं, हातात लाकडी मोगरी, खांद्याला पाण्याची सुरई. मे महिन्याचं नागपूरकडचं ऊन. सकाळी नऊलाच चपलेचा तळवा तापे आणि दुपट्टं शंभर पावलांत वाळून कडक होई. प्रत्येक खांबाच्या बुडाशी तो उकिडवा बसायचा, मोगरीने तीन ठोके द्यायचा आणि लाकडाला कान लावायचा. भरीव लाकूड टणक वाजतं. आतून वाळवीने खाल्लेलं भदभद वाजतं. ते ऐकायला कान लागतो आणि तो कान लहानूला होता.

काळ्या रानात तर खांबाभोवती जमिनीला भेगा पडल्या होत्या, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. खांब हिरडीतल्या सैल दातासारखा हलत होता. एका ठिकाणी खांब ओढून धरणारी ताणाची तारच नाही. शेतमालकाने वखर अडतो म्हणून खुंट्यासकट उपटून बांधावर टाकलेली. दुसऱ्या ठिकाणी त्याच तारेला म्हैस बांधलेली. लहानूने म्हैस सोडून बाभळीला बांधली, तर मालकीण घरातून ओरडली, ‘‘बांदाले दुसरी जागा दे मंग, सावलीची.’’

तिसऱ्या दिवशी तो डीपीवर आला. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला त्याने काठीला बांधलेलं ओलं फडकं लावलं. चर्र आवाज झाला. तेल खदखदत असणार. खाली खिळ्याला शालिकरामची पिशवी. त्याने पिशवी काढून दांड्याशी ठेवली आणि खिळ्यापासून डब्यापर्यंतचं अंतर मोजलं. दीड वीत. पाणी एवढं अजून चढलं की डबा बुडणार. त्याच्या आधी माती सुटणार आणि खांब कलणार.

मग तो टेकाडावर चढला. गावात पूर न लागणारी, मुरमाची टणक जागा एकच. त्या टेकाडावर लहानूची वस्ती होती. बापाच्या काळी नाल्याकाठचं घर वाहून गेलं, तेव्हा गावाने त्यांना हे टेकाड दाखवलं. तिथे गवतही धड उगवत नव्हतं, म्हणूनच दाखवलं. छप्पन साली वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला पायी गेली ती याच टेकाडावरून. आता पंचवीस घरं होती, एक छोटं विहार होतं आणि वीज नव्हती.

लहानू बराच वेळ मुरमावर उभा राहिला. मोगरीने जमीन ठोकली. घणघणली. त्याला एकदम हसू आलं आणि लगेच ते गेलंही.

संध्याकाळी दाराशी बसून त्याने यादी केली. बावीस खांब. तेविसावी नोंद डीपीची : ‘खळग्यात आहे. पूर येतो. खांब पडेल. दांडा गंजला आहे. उपाय : टेकाडावर नेणे.’

‘‘टेकाडावर?’’ म्हातारी भागीरथा आतून म्हणाली. लहानूची आई. तिला डोळ्यांनी कमी दिसे पण ऐकू सगळं येई. ‘‘आपल्या इथं?’’

‘‘दुसरी जागाच नाई, माय.’’

‘‘गाव काय म्हणन?’’

प्रेमिलाचा हात थांबला. उजेड संपत आला होता आणि तिच्या सुपात अजून निम्मी पानं होती. उजेड गेला की विडी वाकडी होते, वाकडी विडी कारखान्यातला मुन्शी फेकून देतो. ती म्हणाली, ‘‘डीपी आली तं आपल्या घरात लाईट येईन का जी?’’

‘‘त्याच्यासाठी नाई लिवलं.’’

‘‘मी कुठं म्हणलं त्याच्यासाठी लिवलं? येईन का, ते विचारलं.’’

 लहानूच्या मनात एक दिवा होताच, दाराच्या वर, प्रेमिलाच्या सुपावर उजेड पडेल असा. तो आहे हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. खरं लिहिलं होतं, तरी चोरी केल्यासारखं वाटलं.

आठ दिवसांनी साहेब जीपने आले. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. सरपंच रुपराव तक्क्याला टेकून, शालिकराम त्यांच्या बाजूला, बाकी गाव भिंतीला. लहानू खाली, पायरीजवळ, जीपच्या ड्रायव्हरच्या शेजारी उभा. साहेबांनी यादी वाचली. बावीस खांबांवर कोणी काही बोललं नाही. तेविसावी नोंद वाचली तशी ओसरी जागी झाली.

‘‘टेकाडावर काहून?’’ शालिकराम म्हणाला.

‘‘जागा उंच आहे म्हणतो हा,’’ साहेब म्हणाले.

‘‘सायेब, माह्या लुमाले आत्ताच लाईट कमी पडते. डीपी पाचशे हात दूर नेली तं धोटा अर्ध्यात थांबन. सूत तुटन. माह्या घरी सहा खाणारे हायेत.’’

हे खोटं नव्हतं. तार लांबली की विजेचा दाब उतरतो, लहानूलाही ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘‘काका, मोठी तार टाकली तं दाब नाई उतरत. सायबाले विचारा.’’

साहेब म्हणाले, ‘‘मोठी तार स्टोअरला नाही. वर्षभर नाही.’’

मग रुपराव हसले. रुपराव माणूस वाईट नव्हता, पण चार माणसांत हसायची त्याला सवय होती. ‘‘लहानू, सरळ सांग ना गा. घरी लाईट पायजे तं अर्ज दे. इतल्ली मोठी डीपी घरी काहून नेतो?’’

ओसरी खदखदून हसली. जीपचा ड्रायव्हरही हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी यादीवरून नजर उचलून लहानूकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याने लहानूची कानशिलं गरम झाली.

‘‘सायेब, चला खळग्यात. खिळा दाखवतो. पाणी कुठवर आल्तं ते.’’

ते गेले. खिळ्याला पिशवी होती. साहेबांनी पिशवी बाजूला सारली, खिळा पाहिला आणि विचारलं, ‘‘खात्याच्या खांबाला खिळा कोणी ठोकला?’’

‘‘मी, सायेब.’’

‘‘कोणाला विचारून?’’

 शालिकरामने पिशवी काढून घेतली, जशी काही ती कधी तिथे नव्हतीच.

जीपमध्ये बसताना साहेब हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘हे बघ, तुझं नाव कायम करायच्या यादीत पाठवतोय. असल्या वेळी गावाचा तक्रारअर्ज वर गेला तर मी काही करू शकणार नाही. यादी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिही. बावीस लिही. ती बावीस मी करून घेतो, शब्द देतो.’’

लहानूने पुन्हा लिहिली. स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात, रेघा आखून. बाविसाव्या नोंदीखाली जागा उरली होती. तिथे त्याने सही केली.

साहेबांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं. जूनच्या आत अकरा खांब बदलले, बाकीच्यांच्या बुडात मुरूम आणि दगड ठासले, ताणाच्या तारा पुन्हा बसवल्या. लहानूच्या तळहाताला खड्डे खणायच्या सबलीने फोड आले, फुटले, पुन्हा आले. रोहिणीत वावटळ उठली, शेजारच्या दोन गावांत लाईन आडवी झाली. बेलडोहची ताठ उभी राहिली. साहेबांना वरून शाबासकीचं पत्र आलं. ते त्यांनी लहानूला वाचून दाखवलं. लहानूला आनंद झाला आणि त्याच वेळी तेविसावी नोंद आठवली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला भुरा नाला वळण सोडून सरळ गावात आला. लहानू टेकाडावरून पाहत होता. पाणी खळग्यात शिरलं, खिळ्याशी आलं, खिळ्यावरून गेलं. शालिकरामचे लूम अजून चालू होते, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. डबा बुडाला की पाण्यात वीज उतरणार, आणि शालिकरामचं सगळं घर सूत वर उचलायला पाण्यात उभं होतं.

त्याने चक्कीवरच्या टेलिफोनकडे धाव घेतली. सबस्टेशनवरून लाईन बंद करवायची होती. टेलिफोन मुका. तो तसाच घराकडे परतला.

भागीरथा दाराशी उभी होती. ‘‘जाऊ नोको, बापा. तुह्या एकट्याचं गाव नोहे ते.’’

‘‘दांडा खाली ओढून येतो, माय. दुसरा कोणी ओढन का?’’

 प्रेमिलाने खुंटीवरचे रबरी हातमोजे काढून त्याच्या हातात दिले. उजव्याच्या अंगठ्याला चीर होती. तिने आदल्या उन्हाळ्यात सायकलच्या पंक्चरची पट्टी लावून ती बुजवली होती.

पाणी छातीला लागलं तेव्हा तो डीपीपाशी पोचला. पायाखाली माती नव्हती, शेवाळासारखा लगदा होता. डबा अजून चार बोटं कोरडा. त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि लोंबकळला. गंजलेला दांडा हलेना. यादीत तेही लिहिलं होतं त्याने, तेविसाव्या नोंदीतच, दांडा गंजला आहे म्हणून. त्या आठवणीने त्याच्या अंगात अशी चीड भरली की त्याने तोंडाने शिव्या देत, दोन्ही पाय खांबाला लावून, सगळ्या अंगाने ओढला. दांडा करकरत खाली आला. वर निळी ठिणगी पडली. लूमांचा खडखडाट थांबला, आणि मग फक्त पाण्याचा आवाज राहिला.

तो शालिकरामच्या ओट्यावर पोचला तेव्हा मागे खांब कलत होते. सावकाश, कोणी थकलेला माणूस भिंतीला टेकतो तसे. ट्रान्सफॉर्मर चौकटीसकट पाण्यात गेला. शालिकराम डोक्यावर सुताचा गठ्ठा धरून ते पाहत होता.

‘‘लाईट तू बंद केली का गा?’’

‘‘हो.’’

‘‘बरं केलं,’’ तो म्हणाला, आणि गठ्ठा खाली ठेवायला जागा शोधू लागला.

पंप बंद पडला. विहिरींत नाल्याचा गाळ. प्रेमिला आणि वस्तीतल्या बाया नाल्यापलीकडच्या झिऱ्यावरून पाण्याचे गुंड भरून आणत, आणि पहिल्यांदाच गावातल्या बायाही त्यांच्या पाठोपाठ तिथेच येत. झिरा एक आणि माणसं फार. भांडणं झाली. सातव्या दिवशी म्हातारीला हगवण लागली. प्रेमिलाने पाणी उकळून घातलं, तरी ती तीन दिवस उठली नाही.

दहाव्या दिवशी नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन ट्रक आला आणि खळग्याच्या तोंडाशी ॲक्सलपर्यंत रुतला. बाहेर काढला तर पुढे जाईना. साहेबांनी चिखलातले बूट झटकत चहूकडे पाहिलं, आणि शेवटी टेकाडाकडे बोट केलं.

‘‘तात्पुरता तिथे उभा करा.’’

रुपराव म्हणाले, ‘‘तात्पुरता ना, सायेब?’’

‘‘तात्पुरता.’’

मुरमात खड्डे खणायला तीन दिवस लागले. सबल आपटली की ठिणगी उडे, हात खांद्यापर्यंत झिणझिणत. वस्तीतले नऊ जण खपले. म्हातारी खाटेवरून उठून गुळाचं पाणी वाटायला आली. चौथ्या दिवशी लाईन चालू झाली, पंप घरघरला आणि गावातल्या बाया झिऱ्यावर यायच्या बंद झाल्या. सप्टेंबरात नाला पुन्हा एकदा खळग्यात शिरला. गावातले दिवे हललेसुद्धा नाहीत.

तारा लहानूच्या छपरावरून गावाकडे गेल्या होत्या. वस्तीसाठी लाईन मंजूर नव्हती. ट्रान्सफॉर्मरची घरघर प्रेमिलाला विड्या वळताना ऐकू येई. उजेड संपला की ती सूप आत नेई.

‘‘आपल्या घरावून जाते वं,’’ लहानू एकदा म्हणाला, ‘‘आज ना उद्या खाली उतरन.’’

‘‘तात्पुरती हाय ना ते,’’ प्रेमिला म्हणाली.

दिवाळी झाली. माती वाळली. शालिकरामने अर्ज दिला होता की दाब कमी पडतो, कापडाला फट राहते. फट खरीच राहत होती. साहेबांकडे मंजूर नकाशा होता आणि नकाशात डीपी खळग्यात होती. नकाशा बदलायचा तर कागद नागपूरला, तिथून आणखी वर, आणि परत यायला वर्ष-दोन वर्षं. लहानू ऑफिसात गेला. टेबलापाशी उभा राहून त्याने सगळं सांगितलं, पाणी छातीला लागलं ते, दांड्याचं, सप्टेंबरचं. आवाज चढला तेव्हा कारकुनांनी माना वर केल्या.

साहेबांनी कपाटातून यादी काढली. ‘‘यात कुठे आहे डीपी? सही तुझीच आहे ना?’’

सही त्याचीच होती. अक्षरही छान आलं होतं.

‘‘तुमीच म्हणलं होतं, सायेब. बावीस लिव.’’

साहेबांनी यादी कपाटात ठेवून चावी फिरवली. मग म्हणाले, ‘‘तुझी कायमची ऑर्डर या महिन्यात येईल. बुधवारी गँग पाठवतो. तू हजर राहा.’’

बुधवारी तो हजर राहिला. काळी माती लोण्यासारखी कापली जात होती. सबल लागलीच नाही, फावड्यानेच भागलं. दोन्ही खड्डे दुपारच्या जेवणाआधी झाले. साहेब जीपमधून उतरले, घड्याळ पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, ‘‘बघ. तिकडे तीन दिवस लागले होते.’’

खांब उभे राहिले, चौकट चढली, दांडा बसवला. नव्या दांड्याला लहानूने स्वतः ग्रीस लावलं. गँग पाणी प्यायला गेली तेव्हा त्याने पिशवीतून खिळा काढला. ऑगस्टातलं पाणी कुठवर चढून थांबलं होतं ती रेघ शालिकरामच्या भिंतीवर अजून दिसत होती. दोरी धरून त्याने ती उंची खांबावर आणली. त्याच्या स्वतःच्या खांद्याला लागत होती. त्याने खिळा ठोकला. साहेब पाहत होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

शालिकराम कामावर नजर टाकायला आला. दोन्ही खांबांवर हात फिरवला, दांडा पाहिला, मान डोलावली. मग सवयीने पिशवी अडकवायला गेला आणि हात खांद्याच्या वर न्यावा लागला तसा कण्हला. जन्मभर मागावर बसलेल्याचा खांदा तो.

‘‘लय उंच ठोकला गा, लहानू. जरा खाली ठोकायचा होता.’’

लहानूने हातोडी पिशवीत टाकली. ‘‘याच्याहून खाली जमत नाई, काका,’’ तो म्हणाला, आणि टेकाडावरचे खांब उपटायला निघाला.